राज्यं आधी, देश नंतर: ऑस्ट्रेलियातल्या रग्बीचा कारभार

२४ जून १८९९ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा रग्बी संघ आपला पहिला कसोटी सामना खेळला. समोर ब्रिटिश बेटांचा संघ होता आणि ऑस्ट्रेलियाने सामना १३-३ असा जिंकला. त्या दिवशी खेळाडूंच्या अंगावर न्यू साउथ वेल्सची आकाशी जर्सी होती. पुढचा कसोटी सामना ब्रिस्बेनला झाला, तेव्हा देशाचा हाच संघ क्वीन्सलँडच्या मरून जर्सीत मैदानात उतरला. देशाची अशी जर्सी नव्हती, कारण देशच अजून झाला नव्हता. सहा ब्रिटिश वसाहतींचं मिळून ऑस्ट्रेलिया हे संघराज्य १ जानेवारी १९०१ रोजी अस्तित्वात आलं. रग्बीची देशपातळीवरची संघटना तर त्यानंतर जवळपास अर्धशतकाने, १९४९ मध्ये उभी राहिली.

हा क्रम उलटा वाटतो, पण ऑस्ट्रेलियात रग्बी युनियनचा कारभार कसा चालतो आणि त्यात वारंवार भांडणं का होतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. इथे मध्यवर्ती संघटनेने राज्यांमध्ये शाखा काढल्या नाहीत. राज्यांनी एकत्र येऊन मध्यवर्ती संघटना काढली आणि तिला किती अधिकार द्यायचे, हेही राज्यांनीच ठरवलं.

सिडनी विद्यापीठात १८६० च्या दशकातच रग्बी खेळली जात होती. क्लब वाढले तसे नियमांवरून वाद होऊ लागले, कारण प्रत्येक गट आपल्या सवयीप्रमाणे खेळे. लंडनमध्ये १८७१ साली रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली होती. तिचे नियम मानून सिडनीच्या क्लबांनी १८७४ मध्ये ‘सदर्न रग्बी युनियन’ काढली. हीच पुढे न्यू साउथ वेल्सची संघटना झाली. उत्तरेकडे ब्रिस्बेनमध्ये त्या वेळी मेलबर्नहून आलेल्या फुटबॉलचा जोर होता. १८८२ मध्ये न्यू साउथ वेल्सने क्वीन्सलँडला सिडनीत रग्बी खेळायला बोलावलं. यजमानांनी सामना सहज जिंकला, पण त्या एका दौऱ्याने ब्रिस्बेनमधल्या रग्बीला बळ आलं आणि १८८३ मध्ये तिथे ‘नॉर्दर्न रग्बी युनियन’ उभी राहिली. आपल्याशी नियमित खेळायला तोलामोलाचा शेजारी हवा, ही न्यू साउथ वेल्सची गरज होती आणि त्या गरजेतूनच दुसरी राज्य संघटना जन्माला आली.

बाकी वसाहतींमध्ये असं घडलं नाही. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या भागांत मेलबर्नचा फुटबॉल रुजला. त्यालाच आज आपण ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतो. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये देशाच्या नकाशावर एक काल्पनिक तिरकी रेषा काढून तिला रॉन बरासी या फुटबॉलपटूचं नाव दिलं. तिच्या एका बाजूला रग्बी, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियन रूल्स. ही ‘बरासी रेषा’ राज्यांच्या सीमांवरून जात नाही. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाचं ब्रोकन हिल हे गाव सिडनीच्या सरकारखाली असलं तरी खेळात मेलबर्नच्या बाजूचं आहे. रग्बीच्या सत्तेचा नकाशा समजायला ही रेषा राजकीय सीमेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मग आली फूट. १९०७ मध्ये सिडनीत न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंड यांच्या सामन्याला सुमारे ५० हजार प्रेक्षक आले होते. तिकिटांचा पैसा संघटनेच्या तिजोरीत जात होता; मैदानात हात-पाय मोडून घेणाऱ्या कामगार खेळाडूला मात्र औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेला रोजगार स्वतःच सोसावा लागे. खेळ हौशीच राहिला पाहिजे, हा लंडनचा नियम राज्य संघटना सोडायला तयार नव्हत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नाराज मंडळींनी न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना केली. डॅली मेसेंजर हा सर्वांत लोकप्रिय खेळाडू त्यांना जाऊन मिळाला आणि त्याच्यामागे गर्दीही गेली. तेरा जणांचा हा वेगळा खेळ सिडनी आणि ब्रिस्बेनच्या कष्टकरी वस्त्यांनी आपला मानला. माझ्या मते राज्य संघटनांच्या दीडशे वर्षांतली ही सर्वांत महागडी चूक होती. जखमी खेळाडूच्या पाठीशी उभं राहायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात युनियनच्या स्पर्धा बंद राहिल्या, लीग चालू राहिली. क्वीन्सलँडची संघटना तर युद्धानंतर मोडून पडली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभी राहिली. मधली दहाएक वर्षं ऑस्ट्रेलियाची रग्बी म्हणजे एकटं न्यू साउथ वेल्स. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेशी तेच खेळे. १९२७-२८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचा लांबचा दौरा केला तोही ‘वॉराटाज’ या राज्य संघानेच. वॉराटा हे त्या राज्याचं लाल फूल. त्या दौऱ्यातल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांना १९८६ मध्ये, म्हणजे खेळून जवळपास साठ वर्षं झाल्यावर, ऑस्ट्रेलियाचे अधिकृत कसोटी सामने म्हणून मान्यता मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने ऑस्ट्रेलियाला एक जागा देऊ केली. जागा देशासाठी होती, त्यामुळे देशाची संघटना हवी होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी ऑस्ट्रेलियन रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. पहिल्या मंडळावर अकरा प्रतिनिधी होते: न्यू साउथ वेल्सचे चार, क्वीन्सलँडचे तीन आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया व टास्मानिया यांचा प्रत्येकी एक. राजधानी कॅनबेराच्या प्रदेशाला १९७२ मध्ये जागा मिळाली. अकरापैकी सात मतं दोन राज्यांकडे असल्यामुळे सिडनी आणि ब्रिस्बेन एकत्र आले की ठराव मंजूर.

हे न्याय्य होतं का? मराठी वाचकाला हा प्रश्न क्रिकेटमुळे ओळखीचा आहे. आपल्या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना आहेत. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र सुचवलं आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारलं, तेव्हा इतक्या वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईचं कायमचं मत धोक्यात आलं. २०१८ मध्ये न्यायालयाने ती अट शिथिल केली. प्रत्येक राज्याला सारखं मत दिलं की खेळ जिथे घरोघरी खेळला जातो तिथल्या लोकांवर अन्याय होतो. खेळाडूंच्या संख्येवर मतं दिली तर नव्या प्रदेशाला कधीच बोलता येत नाही. ऑस्ट्रेलियन रग्बीने २०१२ मध्ये माजी क्रीडामंत्री मार्क आर्बिब यांच्याकडून कारभाराची तपासणी करून घेतली आणि त्यानंतर मधला मार्ग काढला. प्रत्येक राज्य व प्रदेश संघटनेला एक मत, मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतल्या संघांमागे वेगळं मत, ज्यांच्याकडे नोंदणीकृत खेळाडू मोठ्या संख्येने आहेत त्यांना जास्तीचं मत आणि खेळाडूंच्या संघटनेलाही मत. संचालक मंडळ राज्यांच्या हितसंबंधांपासून स्वतंत्र असावं, यावरही आर्बिब यांचा भर होता. मला ही रचना आधीच्या दोन्ही टोकांपेक्षा शहाणपणाची वाटते.

आता राज्य संघटनेच्या आत काय चालतं ते पाहू, कारण खेळ खरा तिथे जगतो. न्यू साउथ वेल्सचंच उदाहरण घेऊ. सगळ्यांत खाली क्लब. सिडनीतल्या मोठ्या क्लबांची वरची स्पर्धा म्हणजे १९२३ पासून चालणारी ‘शूट शील्ड’. सामन्यातल्या दुखापतीने १९२२ मध्ये मरण पावलेल्या रॉबर्ट शूट या तरुण खेळाडूच्या नावाने ती ढाल दिली जाते. रँडविक, मॅनली, ईस्टवुड, सिडनी विद्यापीठ ही त्यातली जुनी नावं. शूट शील्डमध्ये नसलेले शहरातले असंख्य छोटे क्लब उपनगरीय संघटनेखाली खेळतात. तिथे नोकरीधंदा सांभाळून शनिवारी खेळणारी माणसं असतात. ग्रामीण भागासाठी ‘कंट्री’ संघटना वेगळी, मुलांच्या रग्बीची व्यवस्था वेगळी, पंचांची संघटना वेगळी. नामवंत खासगी शाळांची १८९२ पासूनची स्वतःची स्पर्धा आहे आणि ती शाळाच चालवतात. या सगळ्यांना एका छत्राखाली धरून ठेवणं हे राज्य संघटनेचं रोजचं काम. खेळाडूची नोंदणी आणि त्यासोबतचा विमा, प्रशिक्षकांची आणि पंचांची तयारी, शिस्तभंगाच्या सुनावण्या, वयोगटांचे राज्य संघ निवडणं, सरकारकडून मैदानांसाठी निधी मिळवणं, अशी ती कामं आहेत. वर्तमानपत्रात यातलं जवळजवळ काहीच येत नाही.

इथेही सीमा सरळ नाहीत. कॅनबेराला लागून असलेलं क्वीनबियन हे गाव न्यू साउथ वेल्समध्ये येतं, पण तिथले क्लब कॅनबेराच्या स्पर्धेत खेळतात. विंगर डेव्हिड कॅम्पिसी हा तिथलाच. म्हणून राजधानीच्या संघटनेच्या नावातच आज दक्षिण न्यू साउथ वेल्सचा समावेश आहे.

ही जुनी व्यवस्था हलली ती पैशाने. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा ५५.५ कोटी अमेरिकन डॉलरचा प्रक्षेपण करार केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली. १९९६ च्या ‘सुपर १२’ स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे तीन संघ उतरले: न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड आणि कॅनबेराचे ब्रम्बीज. पहिल्या दोघांनी ज्यांना घ्यायचं टाळलं असे बरेच खेळाडू गोळा करून उभ्या राहिलेल्या ब्रम्बीजने २००१ आणि २००४ मध्ये अजिंक्यपद मिळवलं. २००६ मध्ये पर्थचा वेस्टर्न फोर्स आला, २०११ मध्ये मेलबर्नचा रेबेल्स. त्या वर्षीचं अजिंक्यपद क्वीन्सलँडने घेतलं, २०१४ चं न्यू साउथ वेल्सने.

पण प्रक्षेपणाचा पैसा आधी मध्यवर्ती संघटनेकडे येतो आणि तिथून राज्यांना वाटला जातो. जवळपास अर्धशतक राज्यं केंद्राला पोसत होती. आता प्रवाह उलटा झाला. यातून ‘संघाचा परवाना कोणाच्या नावावर?’ हा प्रश्न पुढे आला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संघटनेने आर्थिक अडचणीत असताना फोर्सचा परवाना २०१६ मध्ये केंद्राला दिला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा एक संघ कमी करायचं ठरलं. रेबेल्सचा परवाना केंद्राच्या हातात नव्हता, तो खासगी मालकाकडून व्हिक्टोरियाच्या राज्य संघटनेने घेतला. फोर्सचा परवाना मात्र केंद्राकडेच होता, म्हणून कुऱ्हाड पर्थवर पडली. राज्य संघटना न्यायालयात गेली आणि हरली. खाणउद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट यांनी पैसा ओतला म्हणून तो संघ जगला आणि २०२० मध्ये परत आला. रेबेल्स तेव्हा वाचला, पण कर्जाखाली दबून जानेवारी २०२४ मध्ये प्रशासकांच्या हाती गेला आणि त्या हंगामानंतर बंद झाला. २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स संघ आला तेव्हा पर्थ, ब्रिस्बेन, सिडनी आणि कॅनबेरा इथे तो त्या त्या ठिकाणच्या संघांशी खेळला. मेलबर्नमध्ये मात्र स्थानिक संघच उरला नव्हता. तिथे मूलनिवासी आणि पॅसिफिक बेटांवरच्या खेळाडूंचा खास संघ बांधावा लागला.

२०२३ च्या अखेरीस न्यू साउथ वेल्सच्या संघटनेने वॉराटाज संघाचा कारभार ‘रग्बी ऑस्ट्रेलिया’कडे, म्हणजे त्याच जुन्या मध्यवर्ती संघटनेच्या आजच्या अवताराकडे सोपवला. एकेकाळी जे राज्य एकट्याने देश म्हणून खेळलं, त्याने आपला प्रथम संघ देशाच्या हाती दिला. क्वीन्सलँड आणि कॅनबेरा यांनी तसं केलं नाही. माझं मत विचाराल तर व्यावसायिक संघ केंद्राने चालवायला हरकत नाही. ठिकठिकाणी वेगवेगळी कर्जं काढण्यापेक्षा ते बरं. पण क्लब, शाळा आणि पंच केंद्राच्या हिशेबात गेले तर ते पहिल्याच तुटीच्या वर्षी वाऱ्यावर सोडले जातील. ते राज्याकडेच राहायला हवेत.

सिडनी, ब्रिस्बेन आणि मेलबर्नमध्ये आज मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी कोणाचं मूल शनिवारी सकाळी रग्बीला जात असेल, तर त्यांना एक विनंती आहे. नोंदणीचे पैसे भरून थांबू नका. क्लबचे सभासद व्हा आणि वार्षिक सभेला जाऊन बसा. क्लबचं म्हणणं जिल्ह्याकडे, तिथून राज्याकडे आणि राज्याचं मत केंद्राकडे जातं. त्या साखळीत आपलं म्हणणं घालायची जागा तीच एक आहे.