थाळीच्या भावात स्वयंपाकघराचं भाडं धरलंत का?



आमच्या तोंडवली-तळाशीलच्या पट्टीवर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. इथे येणाऱ्या पाहुण्याला राहायला खोली मिळाली की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "घरगुती जेवण मिळेल का?" म्हणून आपल्या कितीतरी ताया, काकी, वहिनी घरच्याच चुलीवर धंदा सुरू करतात. वेगळी जागा नको, नोकर नको, मोठं भांडवल नको. सुरुवात म्हणून हे एकदम बरोबर आहे.

ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, "एका थाळीमागे किती सुटतात?" लगेच हिशेब येतो: मासे, तांदूळ, नारळ, तेल, मसाला, गॅस. वजाबाकी झाली, उरले ते आपले. मग मी विचारतो, "आणि मिक्सर?" एक काकी हसून म्हणाल्या, "मिक्सर घरचोच आसा मां!"

आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. मिक्सर घरचा आहे, पण तो झिजतोय पाहुण्यांसाठी. धंदा फायद्यात दिसतो, कारण त्याचा काही खर्च घर गुपचूप भरत असतं. मग एप्रिलच्या ऐन सीझनला फ्रीज बंद पडतो आणि दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? मुलांच्या फीचे किंवा भिशीचे. म्हणून आजचा नियम लिहून घ्या: धंद्याने घराच्या स्वयंपाकघराला भाडं द्यायचं.

भाडं किती? चला, मांडू

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या घरच्या किमती घाला, पद्धत हीच ठेवा. प्रत्येक वस्तूची किंमत घ्या आणि ती धंद्याच्या वापरात किती महिने टिकेल त्याने भागा.

- मिक्सर ४,००० रुपये, २ वर्षं: महिना १६७
- शेगडी ४,८०० रुपये, ३ वर्षं: महिना १३३
- फ्रीज २४,००० रुपये, ८ वर्षं: महिना २५०
- पातेली, तवे, ताटं ६,००० रुपये, ५ वर्षं: महिना १००

झाले ६५० रुपये. आता दर महिन्याचा वरखर्च: किरकोळ दुरुस्ती ३००, साबण-घासण्या-फडकी ४००, झुरळं-उंदरांचा बंदोबस्त आणि बाकी किडूकमिडूक १५०. हे ८५०. एकूण महिना १,५०० रुपये.

सीझनला महिन्याला १५० थाळ्या जात असतील तर थाळीमागे १० रुपये पडले. "एवढंच ना!" असं वाटेल. पण पावसाळ्यात? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, पर्यटक तुरळक. महिन्याला ३० थाळ्या धरा. तेच १,५०० रुपये आता थाळीमागे ५० होतात! फ्रीज पावसाळ्यात सुट्टीवर जात नाही ना.

म्हणून महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब करायचा. ८ महिने १५० म्हणजे १,२०० थाळ्या, ४ महिने ३० म्हणजे १२०. एकूण १,३२० थाळ्या. वर्षाचा खर्च १८,०००. भागाकार केला की थाळीमागे साधारण १४ रुपये येतात. आपण १५ धरू.

आता प्रत्येक थाळीचे १५ रुपये वेगळ्या डब्यात टाका. सीझनच्या महिन्यात २,२५० जमतात, म्हणजे खर्चापेक्षा ७५० जास्त. आठ महिन्यांत ६,००० शिल्लक. पावसाळ्यात महिन्याला ४५० जमतात, १,०५० कमी पडतात, चार महिन्यांत ४,२००. ते शिलकीतून भरा. तरी १,८०० हातात राहतात. उसनवारी नाही, घरखर्चाला हात नाही.

एक पथ्य पाळा: डब्यातले पैसे 'आज जरा नड आहे' म्हणून काढायचे नाहीत.

खारा वारा आणि आपली भांडी

समुद्रकाठी वस्तू लवकर गंजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या दुकानात भांडी आणि शेगडीचं सामान घ्यायला येणारे निम्मे लोक गंजलेली वस्तूच दाखवायला आणतात. थोडी काळजी घेतली तर वर लिहिलेली दोन वर्षं अडीच होतात. तो सरळ नफा आहे.

- बिडाचा तवा: घावणे-आंबोळ्या झाल्या की धुवा, शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. ओला तवा रात्रभर राहिला की सकाळी गंज आलाच.
- शेगडीचे बर्नर: आठवड्याला काढून घासा, भोकं मोकळी करा. ज्योत पिवळी आणि पातेल्याचं बूड काळं, म्हणजे गॅस वाया चाललाय.
- मिक्सरचं भांडं: वाटपाचं खोबरं पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात अडकतं आणि आंबतं. रबर रोज काढून धुवा. दुसऱ्या दिवशीचं वाटप लवकर खराब होण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.
- मसाल्याची बरणी: मे महिन्यात कुटलेला मालवणी मसाला पावसाळाभर पुरवायचा तर मोठी बरणी रोज उघडू नका. आठवड्यापुरता छोट्या डब्यात काढा. चमचा कोरडा. आपल्या आज्या बरणीत हिंगाचा खडा ठेवायच्या, तो ठेवाच.
- फडकी: पावसात वाळत नाहीत, म्हणून दुप्पट ठेवा. दमट फडक्याने ताट पुसणं म्हणजे धुतलेलं ताट पुन्हा घाण करणं.

पाहुण्याचं पोट ही आपली जबाबदारी

घरच्यांचं पोट बिघडलं तर आपण काढा देतो. पाहुण्याचं बिघडलं तर तो रिव्ह्यू लिहितो, आणि त्याला खरा त्रास होतो तो वेगळाच.

बांगडा, तारली, सुरमई हे मासे बर्फाशिवाय उन्हाळ्यात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते तळून किंवा उकळून जात नाही आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, पुरळ येतं, डोकं दुखतं. म्हणून मासे घेतल्या क्षणापासून बर्फात. बाजारात जाताना बर्फाचा डबा न्या. रापणीचे ताजे मासे मिळाले तरी हाच नियम.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे फार वेळ ठेवू नका, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे गरम ते गरमच, थंड ते फ्रीजमध्ये. सोलकढी त्या दिवसाची त्या दिवशी. मासे कापायची पाटी आणि सुरी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी.

कागदपत्रं आणि गॅस

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरातून विकलं तरीही. लहान धंद्यासाठी बेसिक रजिस्ट्रेशन असतं, अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर. तुम्हाला १४ अंकी नंबर मिळतो.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून गॅसचा हिशेब त्याच भावाने करा. गॅसची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच असते. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर बघा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा.

लिज्जतकडून एक गोष्ट घ्या

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथून लिज्जत उभी राहिली. तिथे बायका पापड घरीच लाटतात, पण त्यासाठी घर स्वच्छ हवं आणि पापड वाळवायला जागा हवी. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांना पीठ मळणं, पॅकिंग अशी दुसरी कामं मिळतात. म्हणजे घर हाच कारखाना असेल, तर घराची पाहणी धंद्याचाच भाग आहे.

या आठवड्याचा होमवर्क

१. स्वयंपाकघरातल्या धंद्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू वहीत लिहा: किंमत, किती महिने टिकेल, महिन्याचा आकडा.
२. गेल्या वर्षीच्या थाळ्या मोजा. नोंद नसेल तर आजपासून कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा.
३. थाळीमागचं भाडं काढा आणि डबा सुरू करा.

भाव वाढवावा लागेल का? कदाचित १५ रुपयांनी, कदाचित नाही. पण आपण खरंच कमावतोय की घरातली भांडी विकून खातोय, हे तुम्हाला नक्की कळेल.

तुमचा आकडा किती आला ते कॉमेंटमध्ये लिहा. या हिशेबात अजून एक मोठी गोष्ट धरलेली नाही: पहाटे उठून वाटप करणाऱ्या बाईची मजुरी. पुढच्या व्हिडिओत तीच मांडू.