लेसर आणि त्वचा : निवडीचा प्रश्न

त्वचेच्या नवीकरणासाठी वापरले जाणारे लेसर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचे कार्बन डायऑक्साइड लेसरकिरण त्वचेतील पाण्यात शोषले जातात व तिचा वरचा थर बाष्परूपाने निघून जातो. खोल सुरकुत्यांवर हा उपाय प्रभावी ठरतो. मात्र जखम भरण्यास एक-दोन आठवडे लागतात. दुसऱ्या प्रकारात वरचा थर अभंग राहतो आणि आतील थर तापून नवे कोलॅजेन निर्माण होते. त्रास कमी, तसे फळही सौम्य. २००४ पासून प्रचारात आलेल्या अंशात्मक पद्धतीत किरण सूक्ष्म ठिपक्यांत विभागले जातात. मधली निरोगी त्वचा जखम लवकर भरून काढते.

सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळे डाग उमटण्याचा धोका अधिक असतो. म्हणून भारतीय रुग्णाच्या बाबतीत लेसर किती प्रभावी आहे, याआधी त्वचा तो किती सोसेल, हे पाहावे लागते.