आगगाडी, बोट आणि एकटा उतारू

आर्वीच्या माणसाला पाण्यावरचा प्रवास अगदीच परका नाही. वर्धा नदीच्या पैलतीरावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून कार्तिकातल्या यात्रेला तिकडे जाणाऱ्या आमच्या आजीच्या पिढीतील बायका नावेने नदी उतरत. आगगाडीही आर्वीला बरीच लवकर आली. पुलगावहून निघणारी, सुमारे पस्तीस किलोमीटर धावणारी ती अरुंद मार्गाची गाडी १९१७ साली सुरू झाली. आज ती धावत नाही. परंतु पुलगावच्या फलाटावर वळकटीवर बसून मोठ्या गाडीची वाट पाहणे हा आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींचा एक ठेवाच आहे. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात आगगाडीने आणि बोटीने जाणे म्हणजे तरी निराळे काय असते? गाडी बदलायची, धक्क्यावर थांबायचे, पलीकडे उतरायचे. मात्र आपल्याकडच्या या प्रवासात नसलेली एक गोष्ट तेथे येते, ती म्हणजे सरहद्द. आजचे हे भाषण मुख्यतः तिच्याविषयी आहे.

गेल्या वर्षी माझी भाची एकटीच युरोपला निघाली. तिचा बेत असा होता: मुंबईहून विमानाने ॲमस्टरडॅम, तेथे चार दिवस, मग बोटीने इंग्लंड, तेथून पुन्हा बोटीने फ्रान्स, आणि पॅरिसहून परत. दोन्ही परवाने मिळाले होते, एक इंग्लंडचा आणि एक शेनगेनचा. ताई काळजीत होती. "दादा, रात्रीच्या वेळी समुद्रावरून पोरगी एकटीने जायची, हे बरे दिसते का?" हा तिचा प्रश्न. मला मात्र समुद्राची भीती वाटली नाही. भीती वाटली ती पारपत्रावरच्या चिठ्ठीतल्या एका आकड्याची. "किती वेळा प्रवेश" या रकान्यात तेथे एक असे लिहिले होते.

हे नीट समजून घेतले पाहिजे. १९८५ सालच्या जूनमध्ये लक्झेंबर्गमधील शेनगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपापसांतील सरहद्दीवरची तपासणी उठवण्याचा करार केला. १९९५ साली तो प्रत्यक्ष अंमलात आला, आणि आज त्यात एकोणतीस देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे हे युरोपीय संघाबाहेरचे देशही त्यात आहेत. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र नाहीत. परक्या प्रवाशाच्या दृष्टीने या एकोणतीस देशांचे एकच मोठे घर आहे, असे समजावे. दाराशी एकदा प्रवेशाची नोंद झाली की आतल्या खोल्यांतून फिरण्यास मोकळीक; कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. परंतु घराबाहेर एकदा पाऊल टाकले आणि परवाना एकाच प्रवेशाचा असला, तर त्याची मुदत उरली असली तरी तो संपला. ॲमस्टरडॅमहून इंग्लंडला जाणे म्हणजे घराबाहेर पडणे. भाची डोव्हरच्या धक्क्यावर फ्रान्सला जाणाऱ्या बोटीपाशी पोहोचली असती, आणि तेथेच तिला थांबवले असते. कारण त्या ठिकाणी फ्रेंच पोलीस इंग्लंडच्याच भूमीवर बसून पारपत्रे तपासतात. पॅरिसचे परतीचे विमान तिच्याविनाच निघाले असते.

"मामा, मग आता इंग्लंड सोडून देऊ का?" असे तिने विचारले. सोडण्याचे कारण नव्हते. केवळ क्रम बदलायचा होता. प्रथम विमानाने थेट लंडन गाठावे; इंग्लंड पाहून झाल्यावर बोटीने हॉलंडात उतरावे, म्हणजे शेनगेनचा एकमेव प्रवेश तेथे खर्ची पडेल; आणि मग शेवटपर्यंत त्या मोठ्या घरातच राहून तेथूनच मायदेशी परतावे. तारखा बदलण्याचे पैसे पडले, पण प्रवास वाचला. परवान्यासाठी अर्ज करतानाच हा विचार व्हावा. अर्ज ज्या देशात अधिक दिवस राहायचे त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम उतरायचे त्याच्याकडे. मध्येच बाहेर जाऊन परत यायचे असेल, तर अनेक प्रवेशांचा परवाना स्पष्ट शब्दांत मागावा. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

आता त्या रात्रीच्या बोटीविषयी. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून हारविचला गाडी जाते. ते स्थानक धक्क्याला इतके लागून आहे की उतारूला सामान घेऊन फार चालावे लागत नाही. बोट रात्री अकराच्या सुमारास निघते आणि सकाळी आठच्या सुमारास हूक ऑफ हॉलंडला लागते. हॉलंडचे घड्याळ एक तास पुढे असल्याने झोप वाटते त्याहून थोडी कमी मिळते. रात्रीच्या फेरीत प्रत्येकाने खोली घेतलीच पाहिजे असा नियम आहे, आणि एकट्या बाईच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. दार आतून लावून घेता येते, स्नानगृह खोलीतच असते. ताईला हे सांगितले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. हूकला उतरल्यावर डच अधिकारी विचारतात: कोठे राहणार, किती दिवस, परतीचे तिकीट कोठे आहे, जवळ पैसे किती? कागद हाताशी असले की पाच मिनिटांचे काम. धक्क्यापासून रॉटरडॅमला २०१९ पासून मेट्रो जाते.

पायी उतारूने एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावी. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या दरम्यानच्या बोटी मुख्यतः मोटारींसाठी आणि मालवाहू गाड्यांसाठी चालतात. काही मार्गांवर व काही फेऱ्यांवर पायी उतारूला घेतच नाहीत. डोव्हर ते कॅले हे अंतर अवघ्या दीड तासाचे. पण धक्का गावापासून दूर असतो, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्या एकट्या माणसाला वाहन मिळेलच असे नाही. म्हणून एकट्याने दिवसाची बोट घ्यावी, आणि नव्या गावी उजेडीच पोहोचावे. रात्रभर स्थानकावर बसून काढू, हा आपल्याकडचा हिशेबही तेथे चालत नाही; पुष्कळ स्थानके रात्री बंदच होतात. हमाल जवळजवळ नाहीतच. जे स्वतःला जिन्यावरून उचलता येत नाही ते सामान घरीच ठेवावे. आणि बोट समुद्रात शिरली की हातातला दूरध्वनी विमानातल्याप्रमाणे बंद करावा; नाहीतर तो बोटीच्या उपग्रहयंत्रणेला आपोआप जोडला जातो आणि न बोललेल्या गोष्टींचे भरमसाट बिल येते.

हा मार्ग मराठी माणसाला नवा नाही. पूर्वी मुंबईहून विलायतेस जाणारे अनेकजण मार्सेल्सला बोट सोडून फ्रान्समधून आगगाडीने कॅलेस जात आणि खाडी ओलांडून लंडन गाठत. जिब्राल्टरला वळसा घालून जाण्यातले दिवस वाचत, आणि बिस्केच्या उपसागरातील लाटाही टळत. पहिल्या महायुद्धापूर्वी या वाटेवर पारपत्राचा फारसा प्रश्नही नसे. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा आला तो १९२० साली.

या वाटेवरील प्रवाशांत मला सर्वांत विस्मय वाटतो तो अण्णासाहेब कर्वे यांचा. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते महिला विद्यापीठाचे कार्य जगापुढे मांडण्यासाठी बाहेर पडले. जिनीव्हाची शिक्षणपरिषद ४ ऑगस्टला संपली, आणि डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील परिषद ८ ऑगस्टला सुरू झाली. मध्ये अवघे चार दिवस, आणि स्वित्झर्लंडपासून डेन्मार्कपर्यंतची मजल. एल्सिनोर आणि कोपनहेगन ही गावे ज्या बेटावर आहेत त्याला त्या काळी मुख्य भूमीशी जोडणारा पूल नव्हता. कोणतीही वाट धरली तरी समुद्र बोटीनेच ओलांडावा लागे, आणि पुष्कळदा आगगाडीच बोटीत शिरत असे.

आगगाडी बोटीत शिरते कशी, हे पुष्कळांना गूढ वाटते. बोटीच्या पोटात रूळ बसवलेले असतात. बोट धक्क्याच्या खाचेत अचूक येऊन टेकते. किनाऱ्यावरचा बिजागरीचा पूल भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होतो, आणि दोन्हींकडचे रूळ जुळवले जातात. गाडी बोटीहून लांब असली तर तिचे दोन-तीन तुकडे करून ते शेजारी शेजारी उभे करतात आणि साखळ्यांनी जखडतात. जर्मनीतील पुटगार्डन आणि डेन्मार्कमधील रोडबी यांच्यात अशी गाडी १९६३ पासून २०१९ च्या अखेरीपर्यंत बोटीतून जात होती. उतारूंनी डब्यातून उतरून वरच्या मजल्यावर जायचे, पाऊण तास समुद्र पाहायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचे. आज हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी गाडी दुसऱ्या वाटेने, पुलांवरून आणि १९९७ साली सुरू झालेल्या बोगद्यातून जाते. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे बरे झाले. पण मला विचाराल तर मोठी मौज गेली. ज्याला ती अजून हवी असेल त्याने इटलीच्या टोकास जावे. सिसिलीला जाणाऱ्या गाड्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतून आजही बोटीनेच जातात.

भाची हॉलंडातून जर्मनीमार्गे कोपनहेगनला गेली. वाटेत, डेन्मार्कच्या सरहद्दीवर, पोलीस डब्यात चढले आणि त्यांनी पारपत्र मागितले. तपासणी उठली आहे ना, मग हे काय, असे तिने मला रात्री दूरध्वनीवरून विचारले. नियम असा की एखाद्या देशास आवश्यक वाटले तर आतल्या सरहद्दीवरही तात्पुरती तपासणी बसवता येते. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सर्व भूसीमांवर ती बसवली. म्हणून सरहद्द दिसत नाही एवढ्यावरून पारपत्र पेटीत टाकून झोपी जाऊ नये. याच्या उलट उदाहरण आयर्लंडचे. बेलफास्टहून डब्लिनला जाताना सरहद्दीवर चौकी नाही, शिपाईही नाही. पण आयर्लंडचे परवान्याचे नियम निराळे आहेत, आणि लागणारा परवाना नसताना पलीकडे सापडलेल्या भारतीय प्रवाशाची कुणी अडवले नव्हते ही सबब ऐकली जात नाही.

तिकिटांविषयी थोडेसे. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल नावाचा पास आहे; तो तेहतीस देशांत चालतो. मात्र फ्रान्स, इटली, स्पेन येथील वेगवान गाड्यांत जागा राखण्याचे पैसे निराळे पडतात. चार-सहा ठरलेले प्रवासच करायचे असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. रोज सकाळी उठून बेत बदलणाऱ्यासच पास परवडतो. काही बोटींवर तो दाखवल्यास सवलतही मिळते.

एकटेपणाचा प्रश्न ताईने शेवटपर्यंत सोडला नाही. कुठल्याही अडचणीत ११२ हा क्रमांक फिरवावा, तो या सर्व देशांत चालतो. रोज ठरल्या वेळी घरी निरोप द्यावा. पारपत्राची एक प्रत निराळ्या पिशवीत आणि एक आर्वीला घरी ठेवावी, एवढे मी सांगितले. तिने स्वतः एक नियम जोडला: बोटीवर जागा नेहमी एखाद्या कुटुंबाशेजारी धरायची.

एल्सिनोरला ती गेली ती माझ्या सांगण्यावरून. तेथून समोरचा स्वीडन उघड्या डोळ्यांनी दिसतो; मध्ये चार-एक किलोमीटरचे पाणी, आणि वीस मिनिटांची बोट. "मामा, कौंडण्यपूरच्या नावेसारखीच आहे," असे तिने पलीकडच्या धक्क्यावरून कळवले, "फक्त हिला वेळापत्रक आहे, भरायची वाट पाहत नाही."