रस्त्यात संपलेलं पेट्रोल कितीला पडतं?

पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा चावडीपासून चॅनेलपर्यंत सगळीकडे आरडाओरडा झाला. पण गाडी मध्येच बंद पडल्यावर तेच पेट्रोल रस्त्यात घ्यावं लागतं, तेव्हा ते कितीला पडतं याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मांडायला बसलं की लक्षात येतं, तेलाचे पैसे त्यात सगळ्यात कमी. खरा दर ठरतो तो गाडी कुठल्या रस्त्यावर थांबली यावरून.

वारणानगर हे या हिशेबासाठी चांगलं ठिकाण आहे. तात्यासाहेब कोरे यांनी पन्हाळा तालुक्यातल्या या माळावर साखर कारखाना उभा केला. मागोमाग दूध संघ, वारणा बझार, अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. त्यामुळे इथल्या रस्त्यावर कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली, दुधाचे टेम्पो आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर असं सगळं एकाच वेळी धावत असतं. पुणे-बंगळूर महामार्ग जवळच, वाठारला. तिथं वळलात की राष्ट्रीय महामार्ग संपतो आणि जिल्ह्यातला रस्ता सुरू होतो. गाडीला हा फरक कळत नाही. टाकी रिकामी झाली की मालकाला मात्र चांगलाच कळतो.

महामार्गावर असाल तर मदतीचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. टोल हा नुसता डांबराचा नसतो. रस्ता चालवणाऱ्या कंपनीनं गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन तयार ठेवायची, असं करारातच असतं. 1033 हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक 2018 मध्ये सुरू झाला. पूर्वी टोलच्या पावतीवर मदतीचे नंबर छापलेले असायचे आणि ती पावती चार दिवस तरी डॅशबोर्डवर पडून राहायची. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, पावती हातात यायची थांबली आणि तिच्याबरोबर नंबरही गेला. किणीचा टोल रोज भरणाऱ्या दहा जणांना 1033 विचारून बघा, किती जण सांगतात ते.

व्हॉट्सॲपवर दर दोन-चार महिन्यांनी एक निरोप फिरतो, ‘टोल भरला असेल तर पाच लिटर पेट्रोल फुकट.’ यात फुकट काही नाही. गस्तीवाल्यानं तेल आणून दिलंच तर त्याचे पैसे द्यायचे असतात. त्याचं मुख्य काम तुमची गाडी धोक्याच्या जागेवरून बाजूला घेणं, मागच्या वाहनांना इशारा देणं, गरज पडली तर क्रेन लावणं. हेही कमी नाही. सध्या सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथं कडेची पट्टीच उरलेली नाही, तिथं तर हेच काम तेलापेक्षा मोलाचं.

वाठार सोडून आत आलात की 1033 चा हा आधार संपतो. मग विमा. गाडीच्या पॉलिसीबरोबर ‘रोडसाइड असिस्टन्स’ नावाची जोड घेता येते. साध्या मोटारीला वर्षाला काही शे रुपये पडतात. त्यात टोचन, पंक्चर, उतरलेली बॅटरी, आत राहिलेली किल्ली आणि संपलेलं तेल हे सगळं बसतं. तेल बहुधा पाच लिटरपर्यंत. इथंही आणून देणं फुकट, तेलाचे पैसे आपले. वर्षात किती वेळा बोलवायचं याला मर्यादा, किती किलोमीटरच्या आत याला मर्यादा, आणि त्यापुढे किलोमीटरमागे आकार. फोन उचलणारी मुलगी कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेली असते. ती ‘लँडमार्क’ मागते. ‘कोडोलीच्या पुढं, उसाच्या रानाजवळ’ हा पत्ता तिच्या नकाशात नसतो, त्यामुळे मोबाइलवरून लोकेशन पाठवणं बरं. मदतीची गाडी बहुधा कोल्हापूरच्या नाहीतर इस्लामपूरच्या बाजूनं येणार, म्हणजे वेळ आपला गेलाच.

मोटारसायकलवाल्यांची यात मोठी फसगत होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा एकदमच घ्यावा लागतो. ‘पाच वर्षं बघायला नको’ म्हणून कागद डिकीत जातो. पण ही पाच वर्षं असतात फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची. स्वतःच्या गाडीचा विमा आणि त्यावर घेतलेल्या जोडण्या अनेकदा पहिल्या वर्षानंतरच संपलेल्या असतात, आणि हे कळतं ते रस्त्यात उभं राहिल्यावर.

राहिला तिसरा मार्ग, आणि इकडे चालतो तोच. मागून येणारा मोटारसायकलवाला थांबतो. ‘तेल संपलं व्हय?’ एवढंच विचारतो. मग आपला उजवा पाय तुमच्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला लावून पंपापर्यंत ढकलत नेतो. पैसे विचारले तर हसतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मेकॅनिक मंडळी यात्रेकरूंच्या दुचाक्या मोफत दुरुस्त करून देतात, त्याच जातकुळीतली ही माणुसकी. मात्र पाय लावून ढकलणं हे चढावर आणि रात्री जिवावरचं काम आहे हे तितकंच खरं.

नाहीतर टपरीवरची बाटली. पाण्याच्या बाटलीत भरलेलं पिवळसर-केशरी पेट्रोल, पंपापेक्षा वीसएक रुपये जादा, आणि बाटली काठोकाठ असेलच असं नाही. वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून नरसाळं करायचं, निम्मं टाकीत, थोडं हातावर. कायद्याच्या दृष्टीनं यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे. पेट्रोलियम कायदा 1934 चा. स्वतःच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनीमाती असेल तर भांडं एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत चालतं. त्या यादीत प्लॅस्टिक नाही. आणि विकायचं असेल तर ही सवलत मुळीच नाही. म्हणून पंपावरचा पोरगा बाटलीत तेल द्यायला नकार देतो तेव्हा त्याच्यावर डाफरू नये.

पूर्वी मोटारसायकलला रिझर्व्हचा कॉक होता. गाडीनं आचके दिले की चालत्या गाडीवर खाली हात घालून कॉक फिरवायचा आणि पुढचे दहा-वीस किलोमीटर पदरात पडायचे. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष आले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि बहुतेक गाड्यांचा कॉक गेला. आता काट्यावर नाहीतर दिव्यावर विश्वास. शिवाय इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पाडली तर तो लवकर जातो, आणि तो बदलायचा खर्च कित्येक टाक्यांच्या तेलाएवढा.

डिझेलचं दुखणं याहून मोठं. पेट्रोलची गाडी तेल घातल्यावर दोन-चार सेल्फमध्ये सुरू होते. डिझेल संपलं की नळ्यांत हवा शिरते, गाडी ‘एअर घेते’. मग टाकीत वीस लिटर ओतलं तरी इंजिन ढिम्म. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसायचं. आधी नुसता फेस येतो, मग थुंकल्यासारखे थेंब उडतात, आणि बुडबुड्याविना सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. जुन्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हे स्वतःच उरकतो. नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच. तो कोरडा फिरला तर घासला जातो, आणि मग बिल हजारांत नाही, पुढे सरकतं.

आता हाच प्रसंग गळीत हंगामात घ्या. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, चढ, आणि ट्रॅक्टरनं एअर घेतलेली. मेकॅनिक येईपर्यंत कारखान्याच्या वजनकाट्यावरचा नंबर गेला, म्हणजे त्या दिवसाची एक खेप गेली. फडात टोळी रिकामी गाडी यायची वाट बघत बसली. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. आणि अंधारात मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असेल तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. हा खर्च कुठल्याच हिशेबात मांडता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या 201 कलमात रस्ता अडवल्याबद्दल दंड आहे. वाहन अनपेक्षितपणे बिघडलं असेल आणि हलवायचं काम चालू असेल तर तो लागू होत नाही, अशी पुस्ती 2019 च्या दुरुस्तीत जोडली गेली. तेल संपणं अनपेक्षित धरायचं का, यावर वकील भांडू शकतील. जर्मनीत ऑटोबानवर विनाकारण थांबायला मनाई आहे आणि तेल संपणं हे टाळता येण्याजोगं कारण मानतात, म्हणजे दंड ठरलेला. मला विचाराल तर जर्मन बरोबर आहेत.

अपवाद एकच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर अडकले, आणि कोल्हापुरातल्या पंपांवर उरलेलं तेल आपत्कालीन सेवेसाठी राखून ठेवावं लागलं. तेव्हा टाकी भरलेली असणं ही नशिबाचीच गोष्ट होती.

डिझेल दारात आणून देणारे टँकर 2018 मध्ये पुण्यात सुरू झाले, पण त्यांचं गिऱ्हाईक जनरेटर आणि कारखाने. रस्त्यात अडकलेल्या तुमच्या-आमच्या गाडीसाठी ते येत नाहीत. विजेच्या गाडीचं तर डब्यानंही भागत नाही. चार्ज संपला की बहुधा सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते.

तेव्हा दिवाळीला गावाकडे निघण्याआधी पॉलिसी बाहेर काढा. रोडसाइड असिस्टन्सची ओळ आहे का, तिची तारीख कधीची आणि किलोमीटरची मर्यादा किती, एवढं वाचा. तो नंबर आणि 1033 मोबाइलमध्ये साठवा, रात्री एकटं असाल तर 112 आहेच. आणि काटा पावावर आला की पुढच्या पंपाची वाट न बघता दिसेल त्या पंपावर गाडी घाला. त्या तेलाला लिटरमागे एक रुपयाही जादा पडत नाही.