शर्यत संपली, आता घरी चल!

मुलांनो, एक कोडं घालते. ताशी ६५-७० किलोमीटर वेगानं पळतो, पण घरातला जिना चढायला घाबरतो. कुत्रा आहे, पण भुंकायचा कंटाळा. अंगावर वाघासारखे पट्टे, आणि कुकरची शिट्टी झाली की सोफ्यामागे पळ! ओळखा पाहू कोण?

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा "बाई, असलं काही नसतंच," असा एकमुखी निकाल लागला. पण असतं. त्याचं नाव वाघ्या. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहते, तिच्या घरी तो असतो. जातीनं ग्रेहाउंड. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत शर्यतीत पळत होता, मग 'रिटायर' झाला. तुमचे आजोबा अठ्ठावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी रिटायर झाले असतील, हे महाशय चौथं वर्ष लागायच्या आतबाहेरच!

हे ऐकून सगळा वर्ग हसला. फक्त शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, आणि ज्यांना ताई भेटत नाही त्यांचं काय होतं?" प्रश्न असा सरळ आला की मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी शर्यत कशी असते ते सांगते. लांबट गोल मैदान, आणि सुरुवातीच्या जागी एकाला एक चिकटून सहा खोकी. प्रत्येक खोक्यात एक कुत्रा. ब्रिटनमध्ये त्यांच्या अंगावरच्या जाकिटांचे रंगसुद्धा ठरलेले असतात. पहिला लाल, मग निळा, पांढरा, काळा, नारिंगी, आणि सहाव्याला काळे-पांढरे पट्टे. मैदानाच्या कडेनं विजेवर चालणारा नकली ससा सुसाट निघतो, खोक्यांची दारं खाडकन उघडतात आणि सहाही कुत्री बाणासारखी सुटतात. तेव्हा त्यांचं पळणं पाहण्यासारखं असतं. एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढे-मागे ताणलेले. लोक पैसे लावतात, ओरडतात, आणि साधारण अर्ध्या मिनिटात सगळा खेळ खलास. तो ससा मात्र कुणालाच कधी मिळत नाही.

हा नकली ससा अमेरिकेतला. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसानं १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथं असं मैदान उभारलं. इंग्लंडमध्ये गोल मैदानावरची अशी पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला २४ जुलै १९२६ रोजी झाली. बघता बघता लोकांना वेड लागलं. आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूंचा 'मिक द मिलर' नावाचा कुत्रा तर सिनेनटासारखा प्रसिद्ध झाला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंग्लिश डर्बी जिंकली. ५२५ यार्ड, म्हणजे ४८० मीटर अंतर तीस सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला ग्रेहाउंड. १९३९ साली तो गेला, तेव्हा त्याच्या देहात पेंढा भरून तो जपून ठेवला गेला. ट्रिंग गावच्या संग्रहालयात तो आजही काचेमागे उभा आहे.

मिकचं ठीक आहे हो. पण सहा कुत्र्यांच्या शर्यतीत पाच जण हरतात!

आता आपण जरा गणित करू. (घाबरू नका, चौथीचंच आहे.) ग्रेहाउंड सव्वा-दीड वर्षाचा झाला की पळायला लागतो. तीन-चार वर्षांचा, फार तर पाचाचा होईतो त्याचं काम संपतं. कधी वेग कमी होतो, कधी पाय मोडतो. मैदानावर सगळे सतत डावीकडे वळत पळतात, त्यामुळे वळणावर सगळा भार उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर येतो आणि हाड तडकतं. आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचं. म्हणजे शर्यत अर्ध्या मिनिटाची, नोकरी दोन-तीन वर्षांची, आणि पुढची आठ-नऊ वर्षं बाकी!

या बाकीचं काय करायचं, याचं जुनं उत्तर फार वाईट होतं. तुमच्यापासून ते लपवावं असं मला वाटत नाही. जुलै २००६ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'नं एक बातमी छापली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सीहॅम गावात एक माणूस थोडेसे पैसे घेऊन निरुपयोगी झालेले ग्रेहाउंड मारत होता आणि आपल्या जमिनीत पुरत होता. हे पंधरा वर्षं चाललं होतं. वर्तमानपत्रानं दिलेला आकडा दहा हजारांच्या वरचा होता. ज्या कुत्र्यांच्या नावानं टाळ्या वाजल्या, तीच ही. बातमी वाचून सगळा देश हादरला.

मात्र सगळेच असे नव्हते. शर्यतीतून निघालेल्या ग्रेहाउंडना घरं शोधून देणारी संस्था ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकातच सुरू झाली होती. पुढे गावोगाव अशा लहानमोठ्या संस्था निघाल्या. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत तर काही तुरुंगांतले कैदी या कुत्र्यांना घरात राहायला शिकवतात. पट्टा धरून चालायचं कसं, माणसाजवळ बसायचं कसं, सगळं. शिकून तयार झालेला कुत्रा मग कुणाच्या तरी घरी जातो.

तुम्ही म्हणाल, घरात राहायला काय शिकायचं असतं? मलाही तसंच वाटलं होतं. वाघ्या आला त्या आठवड्यात ताईचे फोन यायला लागले तेव्हा कळलं. ब्रिटनमधल्या शर्यतीतले बहुतेक कुत्रे आयर्लंडमध्ये जन्मतात, तसा वाघ्याही तिथलाच. लहानाचा मोठा झाला तो कुत्र्यांच्या कोठडीत, बाकीच्या ग्रेहाउंडच्या संगतीत. ठरलेल्या वेळी खाणं, ठरलेल्या वेळी बाहेर सोडणं. घर म्हणजे काय हे त्यानं पाहिलंच नव्हतं! काचेचं दार कळेना, म्हणून धडकला. मग ताईनं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर काचेला रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. आरशातला कुत्रा पाहून तासभर चक्रावला. गुळगुळीत फरशीवर चारी पाय चार दिशांना. टीव्हीतली माणसं कुठून बोलतात, ते बघायला टीव्हीच्या मागे जाऊन आला.

हे सगळं गमतीचं. पण चौथ्या दिवशी जे झालं ते गमतीचं नव्हतं. माझा भाचा सात वर्षांचा. शाळेतून आला, वाघ्या गालिच्यावर झोपलेला दिसला, आणि यानं मागून जाऊन त्याच्या गळ्यात मिठी घातली. वाघ्या झोपेतच गुरगुरून उलटला. दात लागले नाहीत, पण अगदी थोडक्यात चुकलं. भाचा घाबरून रडला, आणि वाघ्या त्याहून जास्त घाबरून कोपऱ्यात थरथरत उभा राहिला. रात्री ताईचा फोन आला. "अगं, परत नेऊन देऊ का गं याला? घरात लहान मूल आहे." मी काय सांगणार? मी गप्पच राहिले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या एक बाई घरी आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की हा कुत्रा रागीट नाही. याच्या आयुष्यात झोपेत कुणी कधी अंगाला हात लावलेलाच नाही. कोठडीत सगळे आपापल्या जागी झोपतात, आणि कुणी माणूस यायचा असला की आधी दाराचा आवाज होतो, मगच तो येतो. तेव्हा याचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेतून उचला आणि एका कोपऱ्यात घाला. झोपला असेल तर जवळ जायचं नाही. लांबून नावानं हाक मारायची, त्यानं मान वर केली की मगच पुढे व्हायचं. आणि तो अंथरुणावर असताना मुलांनी तिकडे जायचं नाही, ती त्याची जागा.

भाच्यानं वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'आधी हाक मार' असं लिहून भिंतीवर चिकटवलं. मराठीत आणि इंग्रजीत! वाघ्या राहिला.

राहिला आणि मग त्याचा खरा स्वभाव हळूहळू दिसायला लागला. मुलांनो, या जातीइतका आळशी प्राणी मी दुसरा ऐकलेला नाही. दिवसातले सोळा-सोळा, अठरा-अठरा तास झोप! इंग्रज लोक गमतीनं त्यांना सोफ्यावरचे बटाटे म्हणतात. झोपण्याची तऱ्हासुद्धा पाहण्यासारखी. पाठीवर उताणा, चारी पाय छताकडे. इंग्रजीत या झोपेला झुरळावरूनच नाव पडलंय. दिवसातून दोनदा नीट फिरवून आणलं की स्वारी खूश. फार आनंद झाला की दात कडकड वाजवतो, ते ऐकून नवखा माणूस दचकतोच. आणि प्रेम आलं की तुमच्या पायांना टेकून उभा राहतो. टेकून म्हणजे अगदी भार टाकून, आपण बाजूला झालो तर पडेल असा. 'बस' म्हटलं तर मात्र बसायला नाखूश, कारण मागच्या मांड्या इतक्या भरदार की बसणंच त्याला अवघड जातं.

शरीरही निराळंच. अंगावर चरबी जवळजवळ नाही, कातडी पातळ, केस आखूड. त्यामुळे थंडी फार वाजते. हिवाळ्यात त्यांना स्वेटर घालावा लागतो, आणि हाडं टोचतात म्हणून जाड गादी. मान डोक्यापेक्षा जाड असते, म्हणून साधा पट्टा डोक्यावरून सटकन निसटतो. त्यांच्यासाठी रुंद, ओढला की आवळणारा खास पट्टा मिळतो. रक्तात लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, आणि पुष्कळ ग्रेहाउंडचं रक्त दुसऱ्या जातीच्या कुत्र्यांनाही चालतं. म्हणून परदेशातल्या जनावरांच्या दवाखान्यांत निवृत्त ग्रेहाउंड रक्तदान करतात. वाघ्याच्या दोन्ही कानांच्या आत गोंदलेली अक्षरं आहेत, शर्यतीच्या वेळची ओळख म्हणून. आपल्या आजीच्या हातावर असतं ना, तसं गोंदण.

एक गोष्ट मात्र सोफ्यावर कितीही लोळला तरी जात नाही. ग्रेहाउंड वासानं नव्हे, डोळ्यांनी शिकार करणारा. लांबवर काही हललं की त्याचं अंग ताठ होतं. शेजारची मांजर असो, खार असो, वाऱ्यानं उडालेली प्लॅस्टिकची पिशवी असो! एकदा सुटला की हाक ऐकू येत नाही आणि समोरची मोटारही दिसत नाही. म्हणून मोकळ्या जागी त्याला पट्ट्याशिवाय सोडत नाहीत. घर देण्याआधी संस्थेचे लोक तोंडाला जाळी घालून, लांबून मांजर दाखवून पाहतात. काही ग्रेहाउंड मांजराच्या शेजारी झोपतात, काहींना ते जन्मात जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांना मांजर नसलेलं घर शोधायचं, एवढंच. ती जाळी पाहून लोकांना वाटतं कुत्रा चावरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तर पाळलेल्या ग्रेहाउंडनाही बाहेर नेताना जाळीचा नियम होता. चाचणीत पास झालेल्याला हिरवा पट्टा मिळायचा आणि जाळी माफ व्हायची. १ जानेवारी २०१९ पासून तिथं पाळीव ग्रेहाउंडसाठी तो नियमच काढून टाकला.

डोळ्यांनी शिकार करणारी कुत्री आपल्याकडेही आहेत बरं का! मराठवाड्यातल्या मुलांनी कारवानी कुत्रा पाहिला असेल. तीच लांब नाकाची, बारीक कमरेची ठेवण. त्याला बघूनही लोक म्हणतात, "याला खायला घालत नाहीत की काय?" ताईला लेस्टरच्या बागेत हाच प्रश्न आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो.

आता ही मैदानं एकेक करून बंद पडताहेत. मकाऊचं कॅनिड्रोम जुलै २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा आत पाचशेहून अधिक कुत्री उरली होती. तिथल्या 'अनिमा' या संस्थेनं ती सांभाळली आणि विमानानं देशोदेशी घरांत पोचवली. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या लोकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदान करून शर्यती थांबवायला लावल्या. २०२० संपता संपता तिथली मैदानं शांत झाली. न्यूझीलंडच्या सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करायचं जाहीर केलं, पण त्यासाठी वीस महिन्यांची मुदत ठेवली. कारण त्या वेळी तिथं सुमारे २९०० ग्रेहाउंड होते, आणि एवढ्या सगळ्यांना घरं हवी होती. म्हणजे २९०० सोफे!

हे सगळं मी वर्गात सांगितलं. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, तो जिन्याचं राहिलंच. आधी चढायला शिकला की उतरायला?"

चढायला. ताई मागे बसून एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायची, भाचा वरून बिस्किट दाखवायचा. दोन दिवसांत आलं. पण वर पोचल्यावर खाली बघून वाघ्याचे पाय लटपटायला लागले. तेव्हा सलग तीन आठवडे भावोजी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ३२ किलोचा हा वाघ उचलून खाली आणून ठेवत होते.