काठ राखायचा, पण भूमिहीनाची शेळीही जगली पाहिजे

पिंपळगाव बसवंत म्हटले की द्राक्षे, कांदा आणि टोमॅटोचा बाजार डोळ्यांपुढे येतो. या बागायती भागात शेताला शेत लागून आहे, बागांना कुंपण आहे. मग ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरची एक गाय आणि चार शेळ्या चरणार कुठे? पाराशरीच्या काठाला, ओढ्याच्या कडेला, नाहीतर कादवेच्या पात्रात. म्हणूनच नदीकाठ राखायची गोष्ट निघाली की ती आधी भूमिहीनाच्या दारात येते. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे त्यात आहेत.

गुरांमुळे काठ मोडतो, हे आम्ही नाकारत नाही. तहानलेले जनावर दिसेल तिथून पाण्यात उतरते. ओल्या मातीवर खुरांचा भार पडला की काठ ढासळतो, गवताची मुळे उघडी पडतात आणि पुरात ती माती वाहून जाते. उन्हाळ्यात जनावरे तासन् तास पाण्यात उभी राहतात; शेण-मूत तिथेच पडते. खालच्या अंगाला बायका धुणे धुतात, मुले डुंबतात. अशा पाण्यातून जुलाब आणि लेप्टोसारखे आजार होतात. नुकसान जनावराचेही होते. दलदलीच्या काठावरील गोगलगायींमुळे गुरांच्या यकृतात कृमी होतात. जनावर खंगते, दूध आटते.

मज्झिम निकायातील महागोपालक सुत्तात तथागतांनी भिक्खूंना चांगल्या गुराख्याचे अकरा गुण सांगितले आहेत. त्याला पाण्याचा उतार ठाऊक असतो, जनावर पाणी प्याले की नाही हे कळते, वाट आणि कुरण यांची जाण असते, आणि तो दूध शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढत नाही. उपदेश धम्माचा आहे, दाखला मात्र गोठ्यातला आहे. काठ राखण्याची रीत आजही याहून वेगळी नाही.

काय करता येईल?

पहिले म्हणजे, गुरांसाठी एकच उतार ठरवावा, तिथे दगड-मुरूम टाकून तो पक्का करावा आणि बाकीचा काठ काटेरी फांद्यांनी बंद करावा. दुसरे, काठापासून दूर हौद बांधावा. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते. हौद भरलेला असला की ती नदीकडे फारशी वळत नाही. तिसरे, काठाचे भाग पाडून पाळीपाळीने चारावे आणि पावसाळ्यात, माती ओली असताना, काठावर गुरे सोडूच नयेत. चौथे, उघड्या काठावर निरगुडी आणि वाळा लावावा. निरगुडीला जनावर तोंड लावत नाही.

नगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी केली, पण गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. गवत वाढले, गोठ्यात चारा आला. हे शिकण्यासारखे आहे. मात्र नुसती बंदी घातली आणि चाऱ्याची सोय केली नाही, तर शेतकऱ्याची गाय बांधावरच्या गवतावर जगते आणि भूमिहीनाची शेळी बाजारात विकली जाते. वाळू उपसणारा आणि सांडपाणी सोडणारा मोकळा, आणि कोंडवाड्याचा दंड विधवा बाईला, हा न्याय नव्हे.

महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते, माणसांना मनाई होती. ती मनाई मोडण्यासाठी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला. शेजारच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह लढवले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने घरातील माणसे मोजून पाणी वाटले आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. पाण्याला जो न्याय लावला, तो गवतालाही लावता येतो.

म्हणून परिसरातील गावांत ग्रामसभा भरेल तेव्हा आपल्या माता-भगिनींनी पुढे बसावे. काठ राखायला आमची तयारी आहे, हे ठणकावून सांगावे. पण आधी हौद, मग बंदी, आणि कापलेल्या गवतात भूमिहीनाचा वाटा, असा ठराव लिहून घ्यावा. पाळी ठरवणाऱ्या समितीत शेळ्या राखणारी एक तरी बाई असावी. कोणत्या वळणावर काठ सुटला आहे, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.