‘हार्डली’ म्हणजे ‘फार’ नव्हे!

बेलपाड्यात एका खोलीत बसून आम्ही एका तरुणाचा नोकरीचा अर्ज वाचत होतो. मुलगा बारावी पास. तळोजा एमआयडीसीत दोन वर्षे हेल्पर म्हणून राबलेला. अर्ज त्याने कुणाकडून लिहून घेतला नव्हता, स्वतःच इंग्रजीत लिहिला होता, आणि ही गोष्ट कौतुकाचीच. पण एका वाक्यापाशी आम्ही थबकलो. त्याने लिहिले होते, ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर टू इयर्स.’

त्याला म्हणायचे होते, दोन वर्षे मी कसून काम केले आहे. वाचणाऱ्याने काय वाचले असेल? ‘दोन वर्षेदेखील मी धड काम केलेले नाही!’ हाच अर्ज तो याआधी दोन ठिकाणी देऊन आला होता. बोलावणे आले नाही. त्याला कारण हाच एक शब्द, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्याच हाताने आपल्या मेहनतीवर बोळा फिरवायचा, हे काही बरे नव्हे.

मुलाचे यात चुकले तरी काय? ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, ‘क्विक’चे ‘क्विकली’ होते, मग ‘हार्ड’चे ‘हार्डली’ का होऊ नये? त्याचा हिशेब सरळ होता, वाकडी आहे ती इंग्रजी. मेहनतीने काम करणे म्हणजे नुसते ‘वर्क हार्ड’. ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘बेअर्ली’ आणि ‘स्केअर्सली’ ही त्याचीच भावंडे. तिघांच्याही पोटात ‘नाही’ दडलेले असते, म्हणून त्यांच्या जोडीला आणखी ‘नॉट’ लावायचा नसतो.

मराठी व्याकरणात अशा शब्दांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हणतात. नाव जड आहे, पण शब्द आपल्या रोजच्या तोंडातले आहेत: फार, खूप, जरा, अगदी, जेमतेम, पुरेसे. किती, याचे माप सांगणारे हे शब्द. सन २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधीच्या पिढीने पाचवीत एबीसीडी गिरवली. शब्दांचे अर्थ पाठ झाले, माप मात्र अनेकांना कुणी समजावून दिले नाही.

‘व्हेरी’ आणि ‘टू’चेच पाहा. त्याच खोलीत मुलाची आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “काका, शाळेत मी बाईंना सांगितलं, माय डॉटर इज टू क्लेव्हर. बाई हसल्या का हो?” ताई, चूक तुमची एकटीची नाही. मराठीत ‘चहा फार गोड झालाय’ म्हटले तर ती तारीफ की तक्रार, हे सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळते. आपला एकच ‘फार’ दोन्ही कामे करतो. इंग्रजीने कामे वाटून दिली आहेत. तारीफ करायची तर ‘व्हेरी’. ‘टू’ म्हणजे ‘जास्तच’, आणि त्याच्या मागे बहुधा एखादी अडचण उभी असते. चहा ‘टू हॉट’ म्हणजे पिता येत नाही. घरभाडे ‘टू हाय’ म्हणजे परवडत नाही. ‘टू क्लेव्हर’ म्हटले की मुलगी हुशार न राहता अतिशहाणी होते.

‘क्वाइट’ तर ‘टू’पेक्षाही लबाड. इंग्लंडात ‘क्वाइट गुड’ म्हणजे पुष्कळदा नुसते बऱ्यापैकी, अमेरिकेत तेच ‘चांगलेच’ होते. अर्जात तो वापरूच नये, असे आमचे मत. ‘इनफ’ची फक्त जागा सांभाळावी. आपण ‘पुरेसा मोठा’ म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘बिग इनफ’. पैसा असेल तर पुन्हा ‘इनफ मनी’.

मग ‘व्हेरी’च लावत सुटायचे काय? व्हेरी कोल्ड, व्हेरी ब्लॅक, व्हेरी वेट! इथे आपल्या मुलांनी घरच्या भाषेकडे पाहावे. आपण ‘फार काळे’ म्हणून थांबतो का? काळेकुट्ट म्हणतो. पांढरेशुभ्र, लालभडक, पिवळेधमक, हिरवेगार, गोडमिट्ट, थंडगार म्हणतो. खारघरच्या डोंगराकडून सर आली की माणूस ‘फार ओला’ होत नाही, ओलाचिंब होतो. ज्याचा त्याचा जोडीदार ठरलेला. इंग्रजीतही अशा जोड्या आहेत: आइस कोल्ड, पिच ब्लॅक, सोकिंग वेट, बोन ड्राय. ही युक्ती आपल्या मुलांना उपजतच येते, इंग्रजी जोड्या तेवढ्या पाठ करायच्या. आम्ही हे सांगताच धाकट्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली आणि ‘आंबटढाण’ला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारले. आम्ही निरुत्तर झालो!

हे माप केवळ अर्जापुरते नाही. संविधानाच्या कलम १६ च्या चौथ्या पोटकलमात ‘ॲडिक्वेटली’ असा एक शब्द आहे. राज्याच्या मते ज्या मागासवर्गाला सरकारी सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी जागा राखून ठेवता येतात. पुरेसे म्हणजे किती? मंडल खटल्याच्या १६ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुरेसे म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात, असा त्याचा अर्थ नाही. मापाच्या एका शब्दावर किती घरांच्या नोकऱ्या तोलल्या जातात, हे यावरून कळावे. कलम १७ मात्र उघडून बघा. अस्पृश्यता नष्ट केली आहे, असे ते सांगते. तिथे ‘पूर्णपणे’ नाही, ‘बहुतांशी’ नाही, ‘जवळजवळ’ नाही. मापच नाही.

मुलाला आम्ही हेही वाचून दाखवले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने अर्जातला ‘हार्डली’ खोडला. त्या जागी ‘व्हेरी हार्ड’ लिहावे का, असे त्याने विचारले. आम्ही विचारले, “दोन वर्षांत नेमके केलेस काय?” रात्रपाळी, ड्रम भरणे, वजन करणे, चलनावर नोंद करणे, आणि आजारपण सोडता एकही खाडा नाही. “मग हेच लिही की.” त्याने नवा कागद घेतला. आईने लाटणे बाजूला ठेवून दिवा जवळ ओढला.